निवळ रस आणि शिशाची साखर



दर अंकात या पानावर आम्ही लागण, खोडवा, बेणेमळा, हुमणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेस आडसाली उसाच्या खतमात्रेवर लिहावयाचे ठरले होते. ते पुढच्या अंकात येईल. आजचा विषय निराळा आहे. तो आहे आपल्या कारखान्याच्या दोन प्रयोगशाळांचा, तेथल्या बाटल्यांचा व त्या बाटल्या हाताळणाऱ्या पोरांचा. 'लॅबमधल्या औषधांशी आमचा काय संबंध?' असे कोणी म्हणेल. तर संबंध असा की, उसाला मिळणारा दर रिकव्हरीवर ठरतो, रिकव्हरीचा आकडा लॅबमधून निघतो, आणि मातीचा रिपोर्ट घेऊन आपण खत टाकतो तोही लॅबमधूनच येतो. हे दोन्ही आकडे ज्या हातांतून निघतात त्या हातांवर काय सांडते, हे मालकाने पाहिले पाहिजे. मालक म्हणजे आपण सर्व सभासद.

चार हंगामांमागची गोष्ट. ऑक्टोबर महिना, बॉयलर पेटायला अवकाश होता. शेतकी विभागाचे लोक गटागटातून उसाचे नमुने आणीत होते. परिपक्वता पाहून तोडणीचा कार्यक्रम लावावयाचा असतो, त्यासाठी हे करावे लागते. त्या दिवशी एक वयस्क सभासद आपल्या नातवाला घेऊन स्वतःच पाच-सहा ऊस मोटारसायकलीला बांधून आले. "साहेब, माझ्यासमोर बघा. कागदावर लिवलेलं मला उमगत न्हाई." आम्ही म्हटले, "या आजोबा, बसा."

छोट्या चरकातून रस काढला, गाळला, ब्रिक्स पाहिला. मग लॅबच्या पोराने फ्लास्कमध्ये शंभर मिली रस घेतला, डब्यातली पांढरी पूड चिमटीने टाकली, खळखळून हलवला व फिल्टर कागदातून खाली ग्लासात सोडला. उसाचा रस कसा असतो ते तुम्हांला सांगावयास नको. गढूळ, हिरवट-काळसर. परंतु त्या पुडीनंतर खाली जो रस पडतो तो फिकट पिवळा, आरपार दिसणारा, अगदी सणाला केलेल्या सरबतासारखा. तो पोलॅरिमीटरच्या नळीत भरून त्यातली साखर मोजतात. नळी भरून झाली तरी ग्लासात अर्धाअधिक रस उरतो.

आम्ही आकडे लिहीत होतो. आजोबा यंत्राला डोळा लावून बसले होते. नातवाने ग्लास उचलला व ओठाला लावला. आम्ही ओरडलो ते इतक्या जोराने की ग्लास हातातून खाली पडून फुटला. पोरगे रडू लागले. आजोबा रागावले. "आवो, माझ्याच उसाचा रस हाय, प्याला घोटभर तर काय झालं?"

मंडळी, ती पांढरी पूड म्हणजे शिशाचा क्षार. लॅबमध्ये तिला 'ड्राय लेड' म्हणतात, पूर्ण नाव लेड सबॲसिटेट. तिच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग नुसते शिसे असते. रसातला रंग, गाळ, चिकटपणा यांना ती धरून खाली बसवते म्हणून रस निवळतो. पण सगळे शिसे खाली बसत नाही, काही त्या निवळ रसात राहते. आणि गंमत पाहा, हिची सख्खी बहीण लेड ॲसिटेट चवीला गोड असते. युरोपात तिला 'शिशाची साखर' असेच म्हणत. प्राचीन रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवीत, त्यामुळे तो अधिक गोड लागे व ते विष पोटात जाई. म्हणजे जिभेला कडू लागून सावध करील असे हे विष नव्हे. शिसे शरीरात गेले की रक्तातून हाडांत जाऊन बसते व वर्षानुवर्षे राहते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय सर्वांत जास्त. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक, असे रक्ताच्या बाबतीत सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

ग्लास ओठाला लागला तेवढाच. मूल ठीक आहे. कारखान्याच्या दवाखान्यात दाखवले, नंतर तालुक्याला रक्तही तपासून घेतले. आजोबा अजून नमुने घेऊन येतात, नातवाला मात्र बाहेर बसवतात.

पण आमच्या मनात राहिले ते दुसरेच. संध्याकाळी त्या लॅबच्या पोराला आम्ही विचारले, "बाळ, ती पूड कसली, ठाऊक आहे का तुला?" त्याने सरळ उत्तर दिले, "साहेब, तुरटी ना?"

तीन हंगाम तो पोरगा ती पूड बोटांच्या चिमटीने टाकीत होता. त्याचे तर्कशास्त्र चुकीचे नव्हते. घरी नदीच्या गढूळ पाण्याला आई तुरटी फिरवते व पाणी निवळते. येथे रस निवळतो. रंगही पांढराच. डब्यावर इंग्रजीत सगळे लिहिलेले होते, कवटीचे चित्रही होते, परंतु डबा जुना, चित्र पुसट, वर हाताचे डाग. त्याच हाताने तो चहाबरोबर पाव खात होता, त्याच कपड्यांनी घरी जाऊन धाकट्या बहिणीला उचलून घेत होता. त्याला कोणी काही सांगितलेले नव्हते. आम्हीही नाही. शेतकी पदविकेला असताना आम्ही स्वतः पिपेट तोंडाने ओढीत असू आणि त्यात मर्दुमकी मानीत असू, तेव्हा दोष त्याला कसा द्यावा?

आता दुसरी गोष्ट. ही सांगताना जरा जड जाते, कारण चूक पूर्णपणे आमची होती.

माती परीक्षण केंद्रात सेंद्रिय कर्ब काढण्याची रीत वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ मध्ये दिली, तीच अजून चालते. एक ग्रॅम माती घ्यावयाची, तीत दहा मिली पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण, त्यावर वीस मिली तीव्र गंधकाम्ल, म्हणजे आपले सल्फ्युरिक ॲसिड. फ्लास्क इतका तापतो की हातात धरवत नाही. मग अर्धा तास तो तसाच ठेवावयाचा, निवल्यावर दोनशे मिली पाणी घालावयाचे व पुढचे काम करावयाचे. तुमच्या रिपोर्टवर 'सेंद्रिय कर्ब ०.४५' असा जो आकडा येतो तो असा निघतो.

त्या वर्षी शेतकरी मेळावा तोंडावर होता व मेळाव्यात रिपोर्ट वाटावयाचे जाहीर करून बसलो होतो. नमुन्यांचा ढीग पडलेला. आम्ही मदतनिसाला म्हटले, "अर्धा तास कशाला, दहा मिनिटांनी घाल पाणी, उरक." त्याने घातले. ॲसिड जड असते व पाणी हलके. गरम ॲसिडवर पाणी पडले की ते वरच्या वर उकळते आणि ॲसिड घेऊन उसळते. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होते ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे, येथेही तेच, फक्त तेलाच्या जागी ॲसिड. थेंब त्याच्या गालावर, डोळ्याच्या बोटभर खाली पडले. चष्मा नव्हता. नळ होता तो व्हरांड्याच्या टोकाला, आणि त्याला पाणी नव्हते. शेवटी पिण्याच्या माठातले पाणी तांब्याने ओतले. एकाने तेवढ्यात चुना आणला, 'ॲसिडवर चुना मारतात' म्हणून. देवाची कृपा, तो लावू दिला नाही.

डोळा वाचला. गालावर डाग आहे. तो मदतनीस आजही आमच्या समोरच्या टेबलावर बसतो आणि आम्हांला रोज नमस्कार करतो.

या दोन प्रसंगांनंतर आम्ही व चीफ केमिस्ट साहेब बसलो व बंद हंगामात दोन्ही प्रयोगशाळांच्या लोकांचा वर्ग घ्यावयाचे ठरवले. हंगामी कामगारांनाही बोलावले व त्या दिवसांची हजेरी दिली. हे महत्त्वाचे आहे. फुकट वर्गाला बोलावले तर पोरगा येत नाही, आणि तो आला नाही म्हणून त्यालाच बेफिकीर म्हणण्याची आपली पद्धत आहे.

पहिले काम शिकवण्याचे नव्हते, मोजण्याचे होते. कपाटातली एकूण एक बाटली बाहेर काढून टेबलावर मांडली. काय काय निघाले म्हणता! रसाचे एकत्रित नमुने नासू नयेत म्हणून पूर्वी वापरीत असत त्या मर्क्युरिक क्लोराइडची, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराची, अर्धी बाटली. फॉर्मालिन. लेबल गळून पडलेल्या अकरा बाटल्या, ज्यांत काय आहे हे कोणालाच सांगता येईना. एका शीतपेयाच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड! ही शेवटची बाटली पाहून सगळे गप्प झाले. उन्हाळ्यात तहानेल्या माणसाने ती उचलली असती तर? ॲसिडच्या शेजारी अमोनिया, आणि डायक्रोमेटच्या मांडीला मांडी लावून स्पिरिट. ही जोडपी शेजारी नांदवायची नसतात. डायक्रोमेट आग भडकवणाऱ्यांतले, स्पिरिट आग पकडणाऱ्यांतले.

मग प्रत्येक रसायनाचे सुरक्षा पत्रक मागवले. याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. विकणाऱ्याकडून ते मागून घ्यावयाचे असते. त्यात सोळा भाग असतात. सगळे वाचत बसले तर हंगाम संपेल. आम्ही पोरांना चार शिकवले : चौथा भाग प्रथमोपचाराचा, सहावा सांडल्यावर काय करावे याचा, सातवा हाताळणी-साठवणीचा व आठवा हातमोजे-चष्मा कोणता याचा. पत्रके इंग्रजीत, तेव्हा चीफ केमिस्ट साहेबांनी वाचून सांगावयाचे व पोरांनी आपल्या शब्दांत मराठीत लिहावयाचे असे केले. ड्राय लेडच्या डब्यावर त्याच पोराने आपल्या हाताने लिहून चिकटवले : 'ही तुरटी नाही. शिसे आहे. चमचा वापरा. हात साबणाने धुवा.' कोणत्याही छापील लेबलापेक्षा हे लेबल अधिक वाचले जाते, असे आमचे मत आहे. बाटल्यांवरच्या लाल चौकटीतल्या चित्रांचाही खेळ घेतला. कवटी म्हणजे विष, हातावर व पट्टीवर थेंब पडून भोक पडते ते म्हणजे भाजणारे, माणसाच्या छातीवर चांदणी फुटलेली ती म्हणजे आत साठत जाऊन पुढे दुखणे आणणारे. डायक्रोमेटच्या बाटलीवर ही चांदणी असते, कारण ते कर्करोग आणू शकते. अक्षरओळख कमी असलेल्या एका बाईने, जी लॅबची झाडलोट करते, ही चित्रे सर्वांत आधी पाठ केली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो हातांना सवय लावण्यात. आपल्या लॅबमध्ये दर तासाला बॉयलरला जाणाऱ्या पाण्याची आल्फा-नॅफ्थॉल टेस्ट होते, पाण्यात साखर उतरली की काय हे पाहण्यासाठी. टेस्टट्यूबमध्ये पाणी, त्यात नॅफ्थॉलचे थेंब, मग काठाने तीव्र गंधकाम्ल सोडावयाचे. साखर असली तर जांभळे कडे दिसते. ही टेस्ट रात्री बारा ते आठच्या पाळीतही होते, पोरगा पेंगत असतो, आणि ट्यूबचे तोंड कोणाकडे आहे इकडे लक्ष नसते. ट्यूबचे तोंड भिंतीकडे, चष्मा डोळ्यांवर, ॲसिड बाटलीतून थेट ओतावयाचे नाही, ड्रॉपरने घ्यावयाचे, व पिपेटला तोंड लावणाऱ्याला त्या दिवशी लॅबबाहेर. रबरी फुगा मिळतो, तो वापरावा. पाण्यात ॲसिड सावकाश घालावे, ॲसिडमध्ये पाणी कधी घालू नये, हे आम्ही पोरांकडून साध्या पाण्यावर वीस-वीस वेळा करून घेतले. वॉकली-ब्लॅकच्या रीतीत मात्र पाणी ॲसिडवरच घालावे लागते. म्हणूनच तेथे अर्ध्या तासाचे घड्याळ टेबलावर ठेवले आहे, आणि ते वाजेपर्यंत फ्लास्कला हात लावावयाचा नाही, चेअरमन साहेब उभे असले तरी.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी एक दुपार घेतली. अंगावर ॲसिड पडले तर पाणी, पुष्कळ वाहते पाणी, घड्याळ लावून. कपडे भिजले असतील तर ते लाज न धरता उतरवावयाचे. डोळ्यात गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान पंधरा मिनिटे पाणी, व नंतर डॉक्टर. चुना, सोडा, टूथपेस्ट, तूप यांतले काहीही अंगाला लावावयाचे नाही. पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढावयाची नाही, कारण ॲसिड जाताना जेवढे जाळते तेवढेच येतानाही जाळते. बाटली व पत्रक घेऊन दवाखाना गाठावयाचा. फरशीवर सांडलेल्याला मात्र आधी कोरडी वाळू व मग सोडा चालतो, दूर उभे राहून. सिस्टरांनी पंधरा मिनिटे म्हणजे किती हे कळावे म्हणून एकाला खरेच नळाखाली उभे केले. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, "आता बास की सिस्टर." त्या म्हणाल्या, "उभा राहा." त्या दिवसापासून नळावर भिंतीचे घड्याळ लागले आहे. नळही आता लॅबच्या आत आहे आणि त्याला टाकीची वेगळी लाईन आहे.

खर्च किती आला असे मा. संचालक मंडळाने विचारले. चष्मे, हातमोजे, ॲप्रन, चमचे, रबरी फुगे, ॲसिडच्या बाटल्यांखाली ठेवावयाच्या प्लास्टिकच्या घमेल्या, एक नळ, एक घड्याळ. एका बैठकीच्या चहापाण्यापेक्षा फार नाही, असे आम्ही सांगितले व ते कोणाला फारसे रुचले नाही. पण मंजूर झाले.

या कामी शिकण्याची साधने पुष्कळ आहेत. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कानपूरची राष्ट्रीय साखर संस्था येथे साखर कारखान्यांच्या लोकांना प्रशिक्षण मिळते. मुंबईला शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने विकसनशील देशांतल्या प्रयोगशाळांसाठी २०१० मध्ये एक मार्गदर्शिका काढली, ती मोफत मिळते. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले होते. तेव्हा पोराला न सांगणे हा नुसता आळस नव्हता, कायद्याचाही भंग होता. पण या साऱ्या साधनांची एक अडचण आहे. ती साहेबापर्यंत येऊन थांबतात. साहेब प्रमाणपत्र घेऊन परत येतो, ते चौकटीत लावतो, आणि रात्रपाळीचा पोरगा आपला चिमटीने पूड टाकीत राहतो.

आता सभासदांच्या शेतापर्यंत येतो. ड्राय लेडचा वापरलेला फिल्टर कागद व त्यावरचा गाळ कुठे जात होता? लॅबच्या मागे. तेथून झाडूवाला तो प्रेसमडच्या ढिगाकडे ढकलीत असे. प्रेसमडचे पुढे कंपोस्ट होते व ते तुमच्या-आमच्या उसात जाते. एका नमुन्याला एक ग्रॅम पूड धरा, हंगामात दिवसाला शंभर नमुने धरा, दीडशे दिवस धरा. पंधरा किलो पूड, म्हणजे अकरा किलोंच्या आसपास शिसे. प्रेसमडच्या डोंगरापुढे ही राई, हे खरे. पण शिसे कुजत नाही, उडून जात नाही, जेथे टाकले तेथे राहते. युरियासारखे ते एका पावसात वाहून जाणारे नव्हे. शंभर माती नमुन्यांमागे दोन लिटर ॲसिड आणि वीस लिटरांहून अधिक क्रोमियमचे पाणी निघते, तेही पूर्वी मोरीतच जाई. आता शिशाचा गाळ झाकणाच्या डब्यात व क्रोमियमचे पाणी पिंपात साठवतो. ते रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच जावयास हवे. आपले पहिले पिंप गेले, दुसरे भरत आले आहे.

खरे तर शिसे अजिबात नकोच. साखर-पृथक्करणाच्या रीती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, जिला इकुम्सा म्हणतात, तिने शिशाविना पोल काढण्याच्या रीती दिलेल्या आहेत. ऑक्टापॉलसारखे शिसेविरहित निवळक मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालणारा पोलॅरिमीटर, त्याला रसाचा रंग आडवा येत नाही, नुसता गाळून घेतला की झाले. यंत्र महाग आहे. निवळक बदलला तर आकड्यात थोडा फरक पडतो, व पोलचा आकडा हलला की सभासदांच्या मनात शंका येते, हे आम्ही जाणतो. म्हणून येत्या हंगामात काही नमुने जुन्या व नव्या अशा दोन्ही रीतींनी शेजारी-शेजारी काढून आकडे गट कार्यालयांच्या फळ्यावर लावावेत, असा प्रस्ताव चीफ केमिस्ट साहेब व आम्ही मिळून दिला आहे. वार्षिक सभेत तो येईल. कोणी सभासद उभे राहून 'हे नवे खूळ कशाला' म्हणणार हे धरून चाललो आहोत. त्यांनी सभेआधी एकदा लॅबमध्ये येऊन तो डबा पाहावा.

जाता जाता मातीच्या नमुन्यांविषयी विनंती. कित्येक बंधू कीटकनाशकाच्या रिकाम्या पिशवीतून किंवा खताच्या पोत्याच्या तुकड्यातून माती आणतात. त्याने रिपोर्ट तर चुकतोच, पण ती माती हाताने चुरून चाळणारा मदतनीस त्या औषधात हात घालतो. स्वच्छ कापडी पिशवीत अर्धा किलो माती, सावलीत वाळवून, नाव-गट-सर्व्हे नंबराच्या चिठ्ठीसह आणावी. पिशव्या गट कार्यालयात ठेवल्या आहेत, मोफत आहेत. नमुना खिडकीतून द्यावा, आत येऊ नये. लहान मुलांसाठी बाहेर लिंबाखाली बाक टाकला आहे, आणि उसाचा रस हवाच असेल तर गेटाबाहेरच्या गुऱ्हाळावर ताजा मिळतो, गढूळ असला तरी.